काम सुटल्यानंतरची तपासणी : माजी कामगारांची वैद्यकीय देखरेख म्हणजे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेत एक तरतूद आहे : मालकाने ठरावीक वयाच्या किंवा ठरावीक प्रकारच्या कामगारांची दरवर्षी विनामूल्य आरोग्य तपासणी करून द्यावी. ही बातमी मी आमच्या शेजारच्या काकांना वाचून दाखवली. त्यांनी सोलापुरातील एका गिरणीच्या कार्डिंग (कापूस विंचरण्याच्या) खात्यात तेवीस वर्षे काढली आणि गिरणीला टाळे लागल्यावर पुढे रखवालदारी केली. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "हे कामावर असलेल्यांचं झालं. आमची गिरणीच राहिली नाही, मग आम्हांला कोण बोलावणार?"

सोलापुरात पहिली मोठी गिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या शहराचा दिवस भोंग्यावर सुरू होत असे. त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमागावरची चादर आणि टॉवेल चालू राहिले, घराघरांतील विडी चालू राहिली. पण गिरणीत, मागावर किंवा विडीच्या सुपासमोर आयुष्य घालवून आता घरी बसलेला एकही माणूस नाही, असे घर शहराच्या पूर्व भागात शोधावेच लागेल. काकांच्या प्रश्नाचे उत्तर या सगळ्या घरांसाठी महत्त्वाचे असल्यामुळे ते मुळापासून पाहू.

## तपासणी आणि देखरेख यांत फरक काय?

एकदा शिबिरात जाऊन रक्तदाब, साखर आणि वजन मोजून आलो, ही झाली तपासणी. वैद्यकीय देखरेख याहून वेगळी असते. कामाच्या ठिकाणी ज्या घातक गोष्टीशी माणसाचा संपर्क आला, तिच्यामुळे कोणते आजार होऊ शकतात हे आधी ठरवायचे, त्याच आजारांच्या खुणा त्याच माणसात ठरावीक अंतराने शोधत राहायच्या, दर वेळचा निकाल मागच्या निकालाशी ताडून पाहायचा आणि काही आढळले तर उपचार व भरपाई या दोन्ही वाटांवर त्याला पोचवायचे, या सगळ्याला मिळून देखरेख म्हणतात.

अनेक घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलने केलेल्या खुणा असतात. एकच खूण पाहून मूल नीट वाढते आहे की नाही हे कळत नाही; दोन-तीन खुणा आणि त्यांच्या तारखा शेजारी असल्या, म्हणजेच वाढीचा वेग समजतो. फुप्फुसाचेही असेच आहे. फुप्फुसांत हवा भरून ती जोराने सोडली की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजता येते. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या प्रौढ माणसात हे माप वयोमानाने दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. एखाद्याचे माप याच्या दुपटीने घटत असेल, तरी आजचा आकडा त्याच्या वयाच्या मानाने ठीक दिसू शकतो. घसरण केवळ दोन खुणांमधील अंतरात दिसते, आणि म्हणून एकदाच भरलेल्या शिबिराने, ते कितीही मोठे असले तरी, देखरेख होत नाही.

## काम सुटले म्हणजे धोकाही सुटला नाही का?

लाकडी चौकटीला वाळवी लागते तेव्हा बाहेरचा रंग वर्षानुवर्षे तसाच असतो, आणि एके दिवशी बोट टेकवल्यावर लाकूड आत जाते. वाळवी कधी शिरली आणि ती कधी दिसली, या दोन तारखांमध्ये मोठे अंतर असते. घातक पदार्थाशी आलेला पहिला संपर्क आणि आजाराचे पहिले लक्षण यांमधील अशा अंतराला सुप्तकाळ म्हणतात.

सगळ्या धोक्यांचा सुप्तकाळ सारखा नसतो आणि सगळे धोके काम सोडल्यावर सारखे वागतही नाहीत. माजी कामगारांच्या देखरेखीचे सारे शास्त्र या एका मुद्द्यावर उभे आहे.

मागाच्या खडखडाटाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, पण त्या आवाजापासून दूर गेल्यावर त्याच कारणाने ती सहसा आणखी घटतही नाही. माग चालवलेल्या माणसाची एकदा नीट श्रवणचाचणी करून गरज असल्यास श्रवणयंत्र दिले, की पुढचे काम बरेचसे नेहमीच्या कानाच्या डॉक्टरचे असते. दगड फोडताना किंवा ओतकामात उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीची गोष्ट उलटी आहे : ती फुप्फुसात रुतून बसते, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस काम सोडल्यानंतरही वाढत राहू शकतो, किंबहुना काम सोडल्यानंतर पहिल्यांदा दिसूही शकतो. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग संपर्कानंतर बहुधा वीस ते चाळीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी प्रकट होतो. जुन्या कारखान्यांत बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे आवरण देण्याची पद्धत जगभर होती, त्यामुळे बॉयलरवर किंवा दुरुस्ती खात्यात काम केलेल्या माणसाची गणना केवळ सूतकामगारांत करून चालत नाही.

रंगखात्याचे प्रकरण सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. बेंझिडीन या रसायनापासून बनवलेले रंग पूर्वी कापडासाठी सर्रास वापरले जात. बेंझिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि भारतात अशा रंगांच्या हाताळणीवर १९९० च्या दशकात बंदी आली. बंदीमुळे नव्या कामगाराचे रक्षण झाले. परंतु या कर्करोगाचा सुप्तकाळही दोन-दोन दशकांचा असू शकतो. म्हणजे बंदीच्या आधी विशी-पंचविशीत ज्यांनी उघड्या हातांनी रंगाच्या टाक्या ढवळल्या, त्यांची काळजी बंदीने संपली नाही. वेदना नसताना लघवीतून एकदाच रक्त गेले आणि थांबले, तरी अशा माणसाने ते "उष्णतेमुळे" झाले असे समजून सोडून देऊ नये, इतके तरी प्रत्येक जुन्या रंगकामगाराच्या घरी माहीत असले पाहिजे.

## कापसाची धूळ : आपल्या ओळखीचे उदाहरण

कापसाच्या गाठी फोडून कापूस मोकळा करणारे ब्लोरूम आणि तंतू विंचरणारे कार्डिंग ही गिरणीतील सर्वांत धुळीची खाती. या धुळीने होणाऱ्या श्वसनाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. धुळीत केवळ कापसाचे कण नसतात. झाडाच्या पानांचा आणि बोंडाचा चुरा असतो, आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक असतात. हे जिवाणूजन्य घटकच या आजाराचे मुख्य कारण मानले जाते.

या आजाराची सुरुवात विलक्षण असते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी दुपारनंतर छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते. अशी वर्षे जातात. मग एका दिवसाचे दोन दिवस होतात, दोनाचा पूर्ण आठवडा होतो, आणि शेवटी सुट्टीच्या दिवशीही जिना चढताना थांबावे लागते. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरणी कामगारांनाही सोमवारची ही जड छाती माहीत होती; रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील कामगारांना हाच प्रश्न विचारून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. त्यासाठी यंत्र लागले नाही. आठवड्यातील कोणत्या दिवशी छाती भरते, एवढे विचारावे लागले.

काकांना मी हे विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "पहिल्या पाळीला परत गेलं की व्हायचं. आम्ही म्हणायचो, घरी राहून अंग सुस्तावलं." आजाराची सर्वांत नेमकी खूण त्यांनी तेवीस वर्षे आळसाच्या नावावर लिहिली होती, आणि हे त्यांना कोणी कधी विचारलेच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

बिसिनोसिसमध्ये छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छ दिसतो, ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. सिलिकोसिसमध्ये एक्स-रेवर डाग दिसतात, कापसाच्या धुळीत तसे होत नाही. त्यामुळे "फोटो काढला, काही निघालं नाही" हे वाक्य ऐकून समाधान मानणाऱ्या जुन्या कार्डिंग कामगाराची खरी तपासणी झालेलीच नसते. त्याला लागते ती श्वासाची फुंकचाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री : नळीत पूर्ण जोर लावून, श्वास संपेपर्यंत फुंकायचे. बाटलीची मान रुंद असेल तर पाणी भसकन रिकामे होते आणि मान अरुंद असेल तर ते गुळगुळ करत हळू निघते. फुप्फुसाच्या नळ्या अरुंद झाल्या की हवेचेही तसेच होते, आणि ही चाचणी तो वेग मोजते. चाचणीला सुई लागत नाही, किरणोत्सर्ग नसतो, आणि नीट समजावून करून घेतली तर ती काही मिनिटांत होते.

काम सोडलेल्यांना तिचा उपयोग काय, याचे सुंदर उत्तर चीनमधून मिळाले आहे. शांघायच्या कापूस गिरण्यांमधील कामगार आणि तुलनेसाठी रेशीम गिरण्यांमधील कामगार यांचा १९८१ पासून सुमारे तीन दशके पाठपुरावा झाला आणि निवृत्तीनंतरही त्यांची श्वासमापे घेतली गेली. कापसाच्या धुळीत राहिलेल्यांची फुप्फुसक्षमता अधिक वेगाने घटली, आणि धुळीपासून दूर गेल्यावर त्या घसरणीत सुधारणाही दिसली. निवृत्तांना वगळले असते, तर यातील दुसरा, दिलासा देणारा अर्धा भाग कोणालाच कळला नसता.

## विडी वळणारी स्त्री 'माजी' केव्हा होते?

गिरणीच्या कामगाराला निदान एक शेवटचा दिवस असतो. विडी कामगार स्त्रीला तो नसतो. पान आणि तंबाखू कारखान्यातून घरी येतात, हजारी मापाने मजुरी मिळते, आणि डोळे व बोटे साथ देईपर्यंत काम चालते. पुढे सून वळू लागली तरी सासू पाने कापत तिच्याच शेजारी बसलेली असते. तंबाखूची भुकटी श्वासातून जाते आणि निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते. विडी न ओढणाऱ्या विडी कामगारांच्या लघवीतही निकोटीनचे अवशेष आढळलेले आहेत.

'माजी कामगार' म्हणजे ज्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले तो, अशी व्याख्या केली, तर या स्त्रिया तिच्यात बसत नाहीत, आणि त्याच खोलीत लहानपण गेलेली त्यांची मुले तर मुळीच बसत नाहीत. म्हणून देखरेखीची व्याख्या नोकरीवरून न करता संपर्कावरून करावी लागते : ही व्यक्ती कोणत्या पदार्थाजवळ, किती वर्षे, दिवसाचे किती तास होती, हा प्रश्न आधी, आणि ती कोणाच्या पटावर होती हा नंतर. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभारला गेला होता आणि त्यासाठी विडीवर उपकर बसत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर बंद झाला. निधीच्या त्या कल्पनेत मला आजही तथ्य दिसते, कारण तीत काम कोणाच्या घरी झाले याला महत्त्व नव्हते.

## "विडी ओढत होते, वयही झाले, दम लागणारच"

हा आक्षेप डॉक्टरांकडून येतो, घरच्यांकडून येतो आणि अनेकदा खुद्द कामगाराकडून येतो. यात थोडे सत्य आहे. धूम्रपानाने फुप्फुस खराब होते आणि वयानेही क्षमता घटते. मात्र एक कारण सापडले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. ॲस्बेस्टॉसबाबतचा १९७९ चा एक प्रसिद्ध अमेरिकी अभ्यास पाहा : संपर्क नसलेल्या, धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका केवळ ॲस्बेस्टॉसमुळे सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे ११ पट आणि दोन्ही असताना ५० पटींहून अधिक आढळला. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे. म्हणून कामाच्या धुळीत राहिलेल्या माणसाने विडी ओढली असेल, तर त्याला देखरेखीची गरज इतरांहून कमी नसून अधिक असते.

एक एक रुग्ण सुटा पाहिला तर हा वाद सुटतही नाही. एका डॉक्टरसमोर एक म्हातारा माणूस दम लागतो म्हणून येतो, तेव्हा त्याला दमा म्हणणे सोपे असते. एकाच खात्यातील पन्नास माणसांची मापे शेजारी ठेवली, त्यांतील कधीच न ओढलेल्यांचीही घसरण दिसली आणि आवाज मोठा पण धूळ कमी असलेल्या साचेखात्यातील (मागांच्या खात्यातील) समवयस्कांत ती तशी दिसली नाही, की कारण आपोआप पुढे येते. देखरेखीचा हा सामूहिक उपयोग व्यक्तिगत उपयोगाइतकाच मोलाचा आहे, कारण त्यातून आज त्याच प्रकारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या तरुण कामगाराचे रक्षण होते.

## "बरा होणार नसेल तर शोधायचा कशाला?"

हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर हवे. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. जुनाट बिसिनोसिसमध्ये गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही. तरीही निदानाने पुष्कळ काही बदलते. सिलिकोसिस असलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका कितीतरी अधिक असतो, आणि क्षयरोग बरा होतो. म्हणून खोकला वाढताच अशा माणसाचा बेडका लगेच तपासला जाणे याने जीव वाचतो. नळ्या अरुंद झालेल्या माणसाला योग्य पंप, श्वासाचे व्यायाम आणि फ्लूची लस दिली तर दवाखान्यात भरती होण्याचे प्रसंग कमी करता येतात. मूत्राशयाचा कर्करोग लवकर सापडला तर त्यावर बरेच काही करता येते. आणि ज्या माणसाने गिरणी सुटल्यावर पोटासाठी दुसऱ्या धुळीचे काम धरले आहे, त्याला निदान ते तरी सोडण्याचे ठोस कारण मिळते.

शिवाय एक गोष्ट वैद्यकशास्त्राबाहेरची आहे. आपण आळशी नव्हतो, आपले शरीर 'नाजूक' नव्हते, आपल्याला कामाने आजारी पाडले, हे लेखी कळण्याचा माणसाला हक्क आहे.

## तपासणीने नुकसान होऊ शकते का?

होऊ शकते, आणि जो हे सांगत नाही त्याच्या शिबिरापासून सावध राहावे. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, दीर्घकाळ व भरपूर धूम्रपान केलेल्या लोकांत एक्स-रेऐवजी सीटी केल्याने या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. परंतु त्याच अभ्यासात सीटीमध्ये ज्यांना काहीतरी संशयास्पद आढळले, त्यांच्यापैकी १०० पैकी ९० हून अधिक जणांना कर्करोग नव्हता. त्यांच्या वाट्याला पुढच्या चाचण्या आणि काही काळ जिवाला घोर आला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने दाखवले, की सरसकट दरवर्षी छातीचा एक्स-रे काढल्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटत नाहीत.

यावरून देखरेख नको असा निष्कर्ष निघत नाही; ज्याचा जसा संपर्क, त्याला तशीच चाचणी, असा निघतो. कार्डिंगवाल्याला फुंकचाचणी, रंगखात्यातील माणसाला लघवीची तपासणी, मागावाल्याला श्रवणचाचणी; आणि सीटी फक्त त्याला, ज्याचा धोका खरोखर इतका मोठा आहे की लाभ त्रासाहून अधिक ठरेल. सगळ्यांना सगळे करण्याचा मोह महाग पडतो, आणि त्याचा फायदा कामगाराला सर्वांत कमी मिळतो.

## बंद गिरणीचा खर्च कोणी करायचा?

इथे काकांच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. जे मालक आहेत त्यांच्यावर कायदा जबाबदारी टाकतो; मालकच उरला नसेल तर काय?

काही देशांनी याचे उत्तर शोधले आहे. जपानमध्ये १९७२ च्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायद्यानुसार, कर्करोग किंवा तसा गंभीर आजार होऊ शकेल अशा ठरावीक कामांतून बाहेर पडणाऱ्या पात्र कामगाराला सरकारी कामगार कार्यालयाकडून आरोग्य पुस्तिका मिळते. ती दाखवून तो नेमलेल्या रुग्णालयांत ठरावीक अंतराने विनाखर्च तपासणी करून घेतो. बेंझिडीन, ॲस्बेस्टॉस आणि धुळीची कामे तिच्या यादीत आहेत. कारखाना चालू आहे की बंद, याने त्या पुस्तिकेचे मोल बदलत नाही. अमेरिकेत अण्वस्त्रे बनवणाऱ्या सरकारी प्रकल्पांतील माजी कामगारांसाठी संसदेने तरतूद केल्यावर १९९६ मध्ये मोफत तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात कंत्राटदारांचे आणि उपकंत्राटदारांचे कामगारही येतात, आणि एकदा तपासलेल्याला तीन वर्षांनी पुन्हा तपासून घेता येते. त्याच देशातील नियमांनुसार घातक पदार्थांच्या संपर्कातील कामगाराच्या वैद्यकीय नोंदी सामान्यतः नोकरीचा काळ आणि वर ३० वर्षे जपाव्या लागतात.

आपल्याकडे तत्त्वाची उणीव नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही आरोग्य व वैद्यकीय मदत हा कामगाराचा, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातून येणारा, मूलभूत अधिकार आहे. त्याच निकालात त्या उद्योगाला आदेश दिला गेला, की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी. न्यायालयाने सुप्तकाळ ओळखला होता.

कायद्याच्या कलमांत मात्र तो ओळखलेला दिसत नाही. कापसाच्या धुळीने होणारा श्वसनरोग भरपाईच्या यादीत आहे. नव्या संहिता येईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमातही तो सरकारला कळवण्याच्या आजारांमध्ये होता. परंतु याच संहितांमुळे आता मागे पडलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दहाव्या कलमात, काम सोडल्यानंतर व्यवसायजन्य आजाराची लक्षणे दोन वर्षांच्या आत दिसली तर ती कामाशी जोडण्याची सोय होती. वीस वर्षांनी उमटणाऱ्या आजारासाठी दोन वर्षांची खिडकी! माझ्या मते, माजी कामगारांच्या बाबतीत जो पहिला बदल मागायला हवा, तो अशी मुदत काम सुटल्याच्या दिवसापासून न मोजता निदानाच्या दिवसापासून मोजण्याचा.

मालक सापडत नसेल तेव्हा राज्याने पुढे यावे, याचे उदाहरण देशातच आहे. दगडखाणींत सिलिकोसिस झालेल्या आणि कोणत्याही पटावर नाव नसलेल्या मजुरांसाठी राजस्थान सरकारने २०१९ मध्ये धोरण आणले, ज्यात निदान प्रमाणित झाल्यावर ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये अशी तरतूद झाली. मजुराने मालकाचे नाव सिद्ध केलेच पाहिजे, ही अट तिथे आडवी आली नाही. दगडाच्या धुळीला जो न्याय मिळू शकतो, तो कापसाच्या आणि तंबाखूच्या धुळीला का मिळू नये, हे मला कोणी अद्याप पटवून दिलेले नाही.

राज्य कामगार विमा योजनेत निदान ५ वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, हेही पात्र असणाऱ्यांनी विसरू नये. ती उपचाराची सोय आहे, देखरेखीची नव्हे. तरी फुंकचाचणी मागण्यासाठी एक दार तिथे उघडे आहे.

## "आता इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणायचा?"

जमीन किती हातांतून गेली तरी तिचा सातबारा आणि फेरफार मागे राहतात; कोणत्या साली कोणते पीक होते, तेही लिहिलेले असते. माणसाच्या फुप्फुसाचा सातबारा कोणी ठेवलेला नाही. तो आता स्वतः लिहावा लागेल, आणि सगळ्या देखरेखीचे पहिले, बिनखर्चाचे साधन तेच आहे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवले होते, की रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर "तू काम काय करतोस?" हेही विचारावे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत हा प्रश्न राहून जातो. तो विचारला न गेला तरी उत्तर आपल्या हातात असावे.

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर कामाला लागल्याचे साल, गिरणीचे किंवा कारखान्याचे नाव, खाते, पाळी आणि त्या खात्यात काढलेली वर्षे लिहावीत. बदली कामगार म्हणून जे दिवस भरले, तेही लिहावेत, कारण धूळ कायम आणि बदली असा भेद करत नाही. 'गिरणीत कामाला होतो' एवढे पुरत नाही; ब्लोरूम की साचेखाते, रंगखाते की बॉयलर, हे खाते हाच खरा मजकूर आहे. पुढच्या पानावर लक्षणे : काय होते, केव्हा सुरू झाले, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अधिक व्हायचे का. त्यापुढे विडी-तंबाखूची खरी माहिती, न लपवता. मग जुना भविष्य निर्वाह निधीचा कागद, विम्याचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, विडी कामगाराचे ओळखपत्र, यांपैकी जे सापडेल त्याची प्रत चिकटवावी, आणि काहीच सापडले नाही तर त्याच खात्यात शेजारी उभ्या राहिलेल्या दोन सोबत्यांकडून तसे लिहून त्यांच्या सह्या घ्याव्यात. हे सोबती आज सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये.

काकांची वही आम्ही गेल्या महिन्यात भरली. त्यांच्याबरोबर कार्डिंगला असलेले दोघे गृहस्थ आले, चहा झाला, आणि कोणत्या साली कोण कोणत्या यंत्रावर होता यावरून तासभर वाद घातल्यानंतर दोघांनी सह्या केल्या. ती वही घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो आणि केसपेपरवर 'दमा' या शब्दाच्या पुढे 'कार्डिंग खाते, २३ वर्षे' असे डॉक्टरांकडून लिहून घेतले. फुंकचाचणी तिसऱ्या प्रयत्नात नीट झाली. तिचा कागद तारखेसह वहीत चिकटवला आहे, पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची आहे, आणि वही कुठे ठेवली आहे हे त्यांच्या सुनेला सांगून ठेवले आहे.